आकाशातली वर्दी

"रजेचं कारण," बाबांनी अर्जावरचा रकाना मोठ्यानं वाचला आणि ते तिथंच अडले. पुढे आईच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं : हजारो पेटते कंदील आकाशात सोडण्यासाठी.

"अगं, हे मी मोठ्या साहेबांना देऊ? फायर ब्रिगेडचा माणूस, आणि आग लावायला रजा मागतोय?"

"आग कुठंय त्यात? कंदील आहेत."

"पेटते लिहिलंयस."

"मग काय विझलेले लिहू? विझलेले उडतात का?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठिणगी भूमितीच्या पुस्तकामागे तोंड लपवून हसत होती. ठिणगी म्हणजे यांची एकुलती एक मुलगी, दहावीतली. नाव बाबांनीच पाडलेलं. "बावीस वर्षांत ही एकच माझ्याच्यानं विझली नाही," असं ते बंबावरच्या लोकांना कौतुकानं सांगत. बाकी घरात जे जे पेटेल ते ते बाबा विझवत. स्वयंपाकघराच्या दारामागे वाळूची बादली असे. ठिणगीच्या पंधराव्या वाढदिवसाला मैत्रिणींचं गाणं पहिल्याच ओळीवर असताना बाबांनी केकवर ओलं फडकं टाकलं होतं. मेणबत्त्या एका दमात विझल्या, केकसुद्धा. मैत्रिणी तो केक अजून विसरलेल्या नाहीत, कारण तो त्यांना वाटीतून प्यावा लागला.

आणि अशा माणसाच्या बायकोला थायलंडला जाऊन उडते कंदील सोडायचे होते!

त्याला कारण होतं तिची नोकरी. आई दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. पेशंटचं लक्ष दुखण्यावरून उडावं म्हणून भिंतीवरच्या टीव्हीवर दिवसभर एकच फिल्म फिरत राहायची. पौर्णिमेची संध्याकाळ, पांढऱ्या कागदाचे उंच कंदील धरून उभी असलेली माणसं, कागदाच्या आत हलणारा पिवळा जीव. मग सगळे एकदम हात सोडतात आणि अंधारातून एक दुसरंच आकाश हळूहळू वर चढू लागतं. आवाज बंद. आवाज यायचा तो आतल्या खोलीतून, मशीनचा घर्रर्र आणि डॉक्टरांचा, "आ करा. मोठा आ करा." आई मात्र आपोआपच आ करून टीव्हीकडे बघत बसलेली असे. चार वर्षं, रोज अकरा वेळा. त्यातला एकेक कंदील तिच्या ओळखीचा झाला होता. डाव्या कोपऱ्यातल्या आजीबाईंचा कंदील उठताना जरा अडखळतो, तिथं आई दर वेळी श्वास रोखायची. "आजही गेला हो वर," ती संध्याकाळी घरी येऊन सांगायची, जसं काही शेजारच्या कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलं.

बाबांनाही ती फिल्म दाखवून झाली होती. बाबांनी शेवटपर्यंत टक लावून पाहिली. आईला वाटलं, विरघळले. बाबा म्हणाले, "एवढी माणसं आणि बाहेर पडायला दोनच रस्ते?"

आता प्रवास कंपनीतल्या बाईंनी तीन जागा शनिवारपर्यंत धरून ठेवल्या होत्या. आज सोमवार.

"तुम्ही दोघी जाऊन या ना," बाबा म्हणाले. "मी तिथं येऊन काय करू? जाळ दिसला की माझे हात शिवशिवतात. कुणाच्या तरी कंदिलावर पाणी ओतीन आणि परदेशात मार खाईन."

"तिघं," आई अगदी हळू आवाजात म्हणाली. "नाहीतर कुणीच नाही."

आईचा आवाज चढला की दहा मिनिटांत उतरतो. पण ती हळू बोलली की तो सुप्रीम कोर्टाचा निकाल असतो, हे ठिणगीला चांगलं माहीत होतं. तिनं पुस्तक मिटलं. यंदा वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळाल्यापासून जगातला कुठलाही माणूस आपल्याला पटवता येतो, असं तिचं ठाम मत झालं होतं.

"बाबा, तुम्हाला जाळाची भीती वाटते का?"

"भीती कसली? सवय आहे."

"मग सवय मोडायची. सराव करू या. साधी गोष्ट!"

साधी गोष्ट म्हणून जी सुरुवात झाली, ती एका मेणबत्तीनं. ठिणगीनं ती टेबलाच्या मधोमध लावली आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. बाबांनी एक मिनिट नुसतं बघत बसायचं होतं. अकराव्या सेकंदाला मेणबत्ती गेली.

"बाबा!"

"मी नाही केलं. हात गेला."

मंगळवारी बाबा हातांवर बसले. चाळिसाव्या सेकंदाला त्यांनी फुंकर मारली. बुधवारी त्यांनी तोंडात सुपारीएवढी खडीसाखर धरली आणि तब्बल एक मिनिट चार सेकंद ज्योतीकडे बघितलं. कपाळावर घाम होता, पण नजर कुठंतरी लांब गेली होती. "निळी असते की गं मुळाशी," ते पुटपुटले. "कधी लक्षातच आलं नाही. बघायला वेळच कुठं मिळतो?"

आईनं त्याच बैठकीत पातळ कागद, तारेचं कडं आणि मेणात बुडवलेला कापूस घेऊन दोन कंदील करायला घेतले. आता खऱ्या कंदिलावर सराव. बाबा तयार झाले, पण एका अटीवर : जे काही होईल ते नियमानं होईल. फायर स्टेशनमागच्या सरावाच्या मैदानावर, वारा पडल्यावर, वीस मीटर दोरा बांधून, दोन बंब उभे करून. त्याची त्यांनी तीन पानी योजना लिहिली. तिसऱ्या पानावर ‘जखमी झाल्यास’ असा स्वतंत्र भाग होता.

गुरुवारी संध्याकाळी आई दवाखान्यातून परस्पर मैदानावर आली. चार जवान पाइप धरून चार कोपऱ्यांत उभे. बंबाचे ड्रायव्हर मिशीकाका स्टेशनच्या खिडकीत फोनपाशी बसलेले. ठिणगीनं कंदील धरला, आईनं काडी ओढली. ज्योत जेमतेम अंगठ्याएवढी झाली असेल, तोच चारी बाजूंनी चार पाइप एकदम सुटले.

पाणी थांबलं तेव्हा ठिणगीच्या हातात तारेचं नुसतं कडं उरलं होतं, आणि आईच्या जागी आईसारखं दिसणारं काहीतरी निथळत होतं.

"ऑर्डर कुणी दिली?" बाबा ओरडले.

"कुणीच नाही, सर," एक जवान खाली मान घालून म्हणाला. "हातांनीच घेतली."

अकराव्या सेकंदाला बाबांचा स्वतःचाही हात असाच गेला होता. मिशीकाकांनी धावत येऊन आईच्या खांद्यावर बंबातला बाबांचा जाड कोट टाकला आणि ते परत फोनपाशी गेले. आई चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं केसांतलं पाणी पिळलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून दुसरा कंदील काढला आणि हळू आवाजात म्हणाली, "हा शेवटचा."

हा विझला की शनिवार उजाडायच्या आधीच सगळं संपणार होतं.

"पाइप खाली!" बाबांनी हुकूम सोडला. "तोंडं भिंतीकडे!"

चारही जवान शिक्षा झालेल्या वर्गासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"सर, डोळे पण मिटू का?"

"तुला वासानंही कळतं. नाक धर."

दोऱ्याचं टोक बाबांनी मुठीत घेतलं. या वेळी ज्योत धरली. कागद आधी नुसता थरथरला, मग झोपेतून उठणाऱ्या बाळासारखा त्यानं अंग ताणलं आणि फुगत फुगत गोल झाला. आतला उजेड आईच्या ओल्या चेहऱ्यावर पडला. ठिणगीला वाटलं, आपण आईला इतक्या वर्षांत इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं. मैदान, बंब, शिडी, सगळं जांभळं होत कुठंतरी मागे सरकलं. "सोड," आवाज आला. कुणी कुणाला म्हणालं ते कळलं नाही, कारण तोवर दोघींचे हात रिकामे झाले होते.

कंदील जरासा अडखळला. आईनं श्वास रोखला. मग तो उठला. बंबाच्या वर, शिडीच्या वर, स्टेशनच्या गच्चीवरच्या भोंग्याच्याही वर. वीस मीटर होऊन गेले असतील, तरी तो आपला चाललाच होता.

"अहो," आई स्वप्नातल्यासारखी म्हणाली, "तो चाललाय."

"हो," बाबा म्हणाले. त्यांची मान पूर्ण वर होती.

"सर, आता बघू का?" भिंतीकडून नाकातला आवाज आला.

तेवढ्यात स्टेशनचा फोन खणाणला. मिशीकाकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सर, वर्दी! आग लागलीय!"

"पत्ता?"

"आकाश, सर."

"जवळची खूण?"

"शुक्राचा तारा म्हणतायत."

आगीची वर्दी आली की निघायचं, आग कुठंही असो, हा पहिला नियम. आणि ती आग आपणच लावली असेल तर निघू नये, असं नियमांच्या पुस्तकात कुठंच लिहिलेलं नव्हतं. तोवर दुसरा फोन आला. एका आजोबांनी तारा पडताना पाहिला होता, पण उलटा. तिसरे बेकरीवाले; त्यांच्या मते विमान पेटलं होतं, मात्र ते फारच सावकाश चाललं होतं.

"चढा वहिनी!" मिशीकाका चाक धरून ओरडले. "तुमचाच आहे, तुम्हीच ओळखाल!"

सायरन वाजवत बंब रस्त्यावर आला. पुढच्या काचेतून मान वाकडी करून ठिणगी दिशा सांगत होती. "डावीकडे काका! आता सरळ! हळू, हळू, तो थांबलाय!" कंदील चालायच्या वेगानं तरंगत होता, म्हणून बंबही चालायच्या वेगानं. बंबामागे बस, बसमागे रिक्षा, आणि नवल म्हणजे कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. न्हाव्याच्या दुकानातून अर्ध्या दाढीचा साबण घेऊन एक गिऱ्हाईक बाहेर येऊन उभं होतं. खिडक्याखिडक्यांतून चेहरे वर वळले होते. एका गॅलरीतून कुणा बाईनं बंबाला दटावलं, "श्शू! जरा गप बसा की!" आणि मिशीकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा वर्दीवर जाताना सायरन बंद केला. सगळा रस्ता इतका शांत झाला की चाकांखालचे खडे ऐकू येऊ लागले.

पुढे दुसऱ्याच एका मैदानाशी आल्यावर कंदील मिणमिणला, विझला आणि थकलेल्या पाखरासारखा गवतावर उतरला. तिथं आधीच एक गृहस्थ उभे होते. पायात घरातल्या सपाता, हातात चहाचा कप, मान अजून वरच. ते मोठे साहेब होते. चौथी वर्दी द्यायला त्यांनी फोन उचलला होता, पण लाइन सारखी लागलेलीच, म्हणून ते स्वतःच धावत आले होते.

त्यांनी कंदील पाहिला. त्याला लोंबणारा दोरा पाहिला, बंब पाहिला, बंबातून उतरणारा बाबांचा कोट आणि कोटातली आई पाहिली.

"आपल्याच स्टेशनवरून?"

"हो, साहेब."

"उद्या दहा वाजता. अहवाल घेऊन."

"रजेचं विसरा आता," परतताना मिशीकाका हळहळले. "नोकरी राहिली तरी मिळवली." आई खिडकीबाहेर बघत होती. रुसलेली नव्हती, आणि त्यामुळेच ठिणगीला जास्त रडू येत होतं. तिनं पटवलं होतं सगळ्यांना! तिचाच सराव होता हा!

शुक्रवारी ती शाळेला दांडी मारून, आणि आई दवाखान्यात उशिरा येते असं कळवून, दोघी साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसल्या. दार अर्धवट उघडं होतं.

"तीन पानी योजना, दोन बंब, वीस मीटर दोरा," साहेबांचा आवाज आला. "मग दोरा होता कुणाच्या हातात?"

बाहेर आई ताडकन उठली आणि दार ढकलून आत शिरली. "माझ्या, साहेब."

"माझ्या!" ठिणगी तिच्या मागोमाग.

"दोघी खोटं बोलतायत," बाबा म्हणाले. "माझ्या हातात होता."

"निसटला?"

"नाही साहेब. सोडला."

आईनं बाबांकडे पाहिलं. चार वर्षं ती टीव्हीकडे जशी बघायची, अगदी तशी.

"बावीस वर्षांत तुमच्या हातून पाइप सुटल्याचं ऐकलं नाही मी," साहेब म्हणाले. "आणि दोरा सोडलात?"

"तो ओढत होता, साहेब. आजवर जो जाळ बघितला तो खाली पाडण्यासारखाच होता. हा पहिलाच कुणाचं काही न घेता वर जायला मागत होता. म्हटलं, जाऊ दे." बाबांनी घसा साफ केला. "चूक झाली. जी असेल ती शिक्षा द्या."

साहेबांनी अहवालाची पानं शेवटपर्यंत उलटली. मग त्यांनी चेहरा जमेल तितका कडक केला.

"शिस्तभंग झालाय. दहा दिवस सक्तीची रजा. स्टेशनकडे फिरकायचं नाही. शहरातच दिसायचं नाही म्हणा ना."

ठिणगीचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "उद्यापासून?" बाबांनी खालच्या आवाजात विचारलं. उद्यापासूनची दहा दिवसांची रजा काय कामाची? कंदील सुटायला अजून महिना होता.

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वर केलं, चष्मा लावला, काढला, आणि बाबांकडे न बघता विचारलं, "वहिनी, पुढची पौर्णिमा कधी हो?"

आईनं तारीख सांगितली, वार सांगितला, आणि तिथं त्या दिवशी चंद्र किती वाजून किती मिनिटांनी उगवतो तेही सांगितलं.

"मग शिक्षा त्याच्या चार दिवस आधीपासून," साहेब लिहू लागले.