नोलाचा पिवळा फ्रॉक

"अगं, चाळीस वर्षं मेंढ्या भादरल्यात मी! मूठभर पाखराला घाबरणार होय?"

नोला ॲडलेडला निघाली तेव्हा क्लेम हॅनफर्डने छाती काढून हे सांगितलं. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळे नोला दोन आठवडे तिकडेच राहणार होती. हे सांगताना क्लेम दार अर्धवट लावून आत उभा होता, ही गोष्ट वेगळी! फाटकाजवळच्या निलगिरीवर एका मॅगपाय पक्षिणीचं घरटं होतं. सप्टेंबर लागल्यापासून ती काळीपांढरी बया क्लेम दिसला रे दिसला की थेट त्याच्या टकलावर झेप घ्यायची. नोलाला मात्र कधी चोचही लावली नाही.

"बढाया पुरे," नोला म्हणाली. "माझ्या कोंबड्या उपाशी राहता कामा नयेत, एवढं बघ."

आता खुराडं नेमकं त्याच निलगिरीच्या पलीकडे! पहिल्या दिवशी क्लेमने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यावर मागच्या बाजूला दोन भयंकर डोळे रंगवले आणि तो डोक्यात घातला. बयेने डब्याला अशी धडक दिली की डबा नाकापर्यंत उतरला आणि क्लेम पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळला. दुसऱ्या दिवशी त्याने छत्री नेली. छत्रीची चाळण झाली.

तिसऱ्या दिवशी कपाळावर चिकटपट्ट्या लावून तो विचार करत बसला. पाखरू माणसं ओळखतं. नोलाला काही करत नाही. मग?

दहा मिनिटांनी नोलाचा पिवळा फुलाफुलांचा फ्रॉक, तिची गवती हॅट आणि काळा चष्मा अंगणातून छोटी छोटी पावलं टाकत निघाला. बयेने मान वाकडी करून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि गप्प बसली! कोंबड्यांनी मात्र एक पाऊल मागे घेतलं.

समोर राहणाऱ्या बेरिलने चार दिवस खिडकीतून हे पाहिलं. पाचव्या दिवशी तिने नोलाला फोन लावला.

"अगं, परत आलीस आणि मला सांगितलंही नाहीस?"

"मी ॲडलेडलाच आहे, बेरिल."

"मग तुझ्या कोंबड्यांना दाणे घालतेय ती कोण? तुझाच पिवळा फ्रॉक घालून?"

"दिसायला कशी आहे?" नोलाने विचारलं.

"उंच आहे. आणि... रागावू नकोस हं, सडपातळ आहे."

नोलाला आधी कळेचना की रागवायचं कुणावर. क्लेमवर कुणी भाळावं? त्या क्लेमवर, जो सूपसुद्धा चावून खातो? तिने घरी फोन केला.

"क्लेम, खरं सांग. ती कशी आहे?"

बढाई उघडी पडल्यावर आता काय लपवायचं! क्लेमला वाटलं, हिला मॅगपायचं कळलंच आहे.

"आता शांत झालीय गं. पहिले दोन दिवस फार अंगावर यायची."

"अंगावर?!"

"जखमा आहेत माझ्या! पण आता युक्ती कळली. सकाळी थोडा खिमाही देतो."

"खिमा देतोस? तिला?"

"दोन पोरं पदरात आहेत बिचारीच्या. उपाशी कशी ठेवू?"

फोन कट झाला. लाइन खराब असेल, असं म्हणून क्लेम चहा टाकायला गेला.

नोलाने दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस पकडली. बहिणीने दिलेलं सँडविच मांडीवर तसंच पडून राहिलं. अडतीस वर्षांचा संसार, आणि आता दोन पोरांसकट एक सडपातळ बाई! तिचे डोळे भरून यायचे, मग सूप आठवायचं, आणि पुन्हा सगळा गोंधळ!

दुपारी ती फाटकाशी उतरली. खुराड्यापाशी पिवळा फ्रॉक वाकून अंडी गोळा करत होता.

"ए भवाने!" नोला ओरडली आणि हातातली बॅग गरागरा फिरवून तिने फ्रॉकच्या पाठीत घातली. हॅट एकीकडे, चष्मा दुसरीकडे, आणि अंडी सगळीकडे!

"नोला! अगं, मी आहे मी!"

चिकटपट्ट्या लावलेलं ते टक्कल बघून नोला मटकन खाली बसली. वर फांदीवर बया एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. तिलाही काही सुधरत नव्हतं.

क्लेमने बसल्या जागी सगळं सांगितलं. डबा, छत्री, खिमा, घरट्यातली दोन पिल्लं. नोला आधी रडली, मग इतकी हसली की समोर बेरिलच्या खिडकीचा पडदा पूर्ण उघडला. डोळे पुसताना तिची नजर खाली गेली आणि हसू थांबलं.

"क्लेम, फ्रॉकचं कळलं. हॅटचंही कळलं. पण आतून माझा लेसचा परकर कशाला? पाखरू काय तेही तपासतं?"

क्लेमने लाजून फ्रॉक गुडघ्यांवर ओढला.

"उन्हात आरपार दिसतं गं," तो हळूच म्हणाला. "समोर बेरिल राहते. लोक काय म्हणतील!"