साळूबाईंचा अर्धा तास

जयराजची सुट्टी संपली होती. दुपारच्या गाडीनं कोरेगाव स्टेशनवरून त्याला पलटणीत परतायचं होतं आणि घरात शेगडी एक, जीप एक, कामं ढीगभर. पुरणपोळ्यांचा डबा, चटणी, औंधच्या यमाईचा अंगारा, निघताना ओवाळून हातावर दही. साळूबाईंना एकच हवं होतं: लेक निघताना त्याला डोळे भरून बघायचं.

सांगलीला कॉम्प्युटर शिकणारी लेक क्रांती फोनवर कामांचा क्रम लावायला बसली. "दोन कामांची अदलाबदल करायची, आई. येळ वाचला तर ठेवायची, न्हाईतर परत हुतं तिथं. फकस्त परत्येक कामाला कमीत कमी किती लागतो, जास्तीत जास्त किती, त्येवढं सांग."

समोर जाऊ राजेश्वरी मटार सोलत होती. तिच्यादेखत साळूबाई आपलं जास्तीत जास्त सांगणार? मेल्या तरी नाही.

"पोळ्यांना अर्धा तास."

"आन् डाळ शिजली न्हाई तर?"

"माज्या घरात डाळ शिजत न्हाई? इचार चुलतीला!"

"छ्या गं," राजेश्वरी म्हणाली, "तुजी आई नुसतं डोळं वटारती, डाळ शिजती."

ही काही वाहवा नव्हे, हे साळूबाईंना कळलं. म्हणून त्यांनी अर्ध्या तासाची वीस मिनिटं केली.

फोननं कामं मागंपुढं फिरवली. चटणी पुढं आली, वेळ वाचला. अंगारा पुढं आला, आणखी वाचला. पोळ्या गेल्या निघायच्या तोंडावर. गरम मिळतील म्हणून साळूबाई खूश.

"ओवाळायला किती धरू?"

"त्येला कसला येळ?"

झालं! बिनवेळेचं काम कुठंही बसतं. ओवाळणं जाऊन पडलं पहाटे, सगळे मोकळे असतात म्हणून.

पहाटे जयराजच्या तोंडात ब्रश होता. "आई, चूळ तरी भरू दे."

"फोनात हाय तसं करायचं. हुबा ऱ्हा गप!"

तोंडाला फेस, कपाळाला कुंकू, हातावर दही. ते दही त्यानं मोरीत धुतलं.

पुढं नवरा बाळासो अंगारा घेऊन आले, चटणी कुटून झाली, सगळं कसं फोनाबरहुकूम. आणि डाळ कडक ती कडकच. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या.

"डोळं वटारून बघा की, जाऊबाई," राजेश्वरी म्हणाली.

पहिली पोळी तव्यावर पडली तेव्हा बाळासो बाहेर जीपचा हॉर्न वाजवत होते. जयराज स्वयंपाकघरात आला, वाकून पाया पडला. "आई, येऊ?"

साळूबाई लाटत होत्या. मान वळवायला फुरसत नव्हती. "हो म्होरं. डबा घिऊन आलेच मी."

क्रांतीच्या स्कूटीवर मागं बसून, डबा पोटाशी धरून त्या स्टेशनात पोचल्या, तर रूळ मोकळे आणि बाळासो एकटे.

"गेलं पोरगं," ते म्हणाले. "दारात हुबं हुतं, गाडी वळस्तवर."

क्रांतीनं फोनकडं बघितलं. एकही काम राहिलं नव्हतं. तिनं फोन गुपचूप पर्समध्ये टाकला.

बाकावर हिरवी ट्रंक घेऊन दुसरा एक जवान बसला होता.

"कुठला रं तू?"

"खटावचा, मावशी."

"आई न्हाई आली?"

"तिचं गुडघं दुकत्यात."

"गाडी कवाची?"

"उशीर हाय म्हणत्यात. किती, त्ये कुणालाच ठावं न्हाई."

साळूबाई त्याच्याशेजारी बसल्या. डबा उघडला.

"मावशी, बास की आता."

"खा गप. तितं थंडीचं अंगावर काय घिता रं? भाकरी मिळती का रोटीच?" अख्ख्या सुट्टीत जयराजला विचारायचं राहिलेलं सगळं त्यांनी त्या पोराला विचारलं. त्यानंही न कंटाळता सांगितलं.

"अगं, चल की," बाळासो म्हणाले. "घरी कामं पडल्यात."

"पडू द्या."

गाडी आली तशा त्या उठल्या. त्याच्या तोंडावरून हात फिरवला, सावकाश, दोन्ही गालांवरून. पोरगं अवघडून वाकलं, ट्रंक उचलून चढलं आणि खिडकीत येऊन बसलं.

"मावशी, तुमी कुणाला सोडाय आलावता?"

गाडी हलली. साळूबाई खिडकीबरोबर चार पावलं चालल्या.

"तुलाच की रं."