साडेदहा तास लेट

अमेरिकेहून आलेला नातू रविवारी सकाळी सात वाजता जो झोपला तो संध्याकाळी पाचला उठला. मधल्या वेळात अर्धी आष्टी त्याला बघून गेली. बायका यायच्या, खांद्यापर्यंत वाढलेले त्याचे केस बघायच्या, "पोरगी हाये का?" असं विचारायच्या आणि आजीने, म्हणजे सोनूबाईंनी, डोळे मोठे केले की मुकाट्याने चहा पिऊन जायच्या. ईशान पावणेतीन वर्षांचा होता. पाचला उठल्यावर त्याने दूध मागितलं, नव्या आजीआजोबांना नीट न्याहाळलं आणि खेळायला जी सुरुवात केली ती सोमवारी सकाळी सहापर्यंत.

"ह्याला जेटलॅग म्हणतात, आबा," त्याची आई बेबीनंदा भिंतीला टेकून, डोळे मिटल्यामिटल्याच म्हणाली. "त्याचं पोट, त्याची झोप, समदं अजून न्यू जर्सीतच हाये. तिकडं आत्ता कुठं संध्याकाळ व्हायलीय."

"फरक किती?" आबांनी, म्हणजे ईशानच्या आजोबांनी, रामरावांनी विचारलं.

"साडेदहा तास."

"म्हंजे गाडी साडेदहा तास लेट," रामराव म्हणाले, आणि निवृत्त झाल्यापासून प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर कामाचं तेज दिसलं.

रामराव परतूरच्या एसटी स्टँडवर एकवीस वर्षं कंट्रोलर होते. गाडी का लेट झाली हे त्यांनी कधी ड्रायव्हरला विचारलं नाही. किती लेट झाली एवढंच विचारलं, आणि पुढचं ते बघत. निवृत्तीनंतर स्टँडवरची खिडकी सुटली, पण सवय सुटली नाही. सहाचा चहा सहा वाजून पाच मिनिटांनी आला तर ते अजूनही घड्याळाकडे बघत, मग सोनूबाई त्यांच्याकडे बघत, आणि मग ते कपाकडे बघत.

अशा माणसाची स्वतःची एक गोष्ट मात्र दोन वर्षं उशिरा चालली होती आणि ती त्यांना रात्रंदिवस टोचत होती. बेबीनंदाच्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं, तेव्हा त्यांनी गावच्या देवीपुढे, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, हात जोडले होते. मूल होऊ दे, पहिले केस तुझ्या पायाशी उतरवीन. मूल झालं. पण पहिल्या वर्षी व्हिसा आडवा आला आणि दुसऱ्या वर्षी जावईबापूंची नोकरी. आता तीन महिन्यांनी ईशानला तीन वर्षं पूर्ण होणार होती, जावळ त्याआधीच व्हायला हवं होतं, आणि बेबीनंदाची परतीची तिकिटं पुढच्याच मंगळवारची होती. जावळाचा मुहूर्त गुरुवारी सकाळी सव्वाअकराचा. वाटूरपर्यंतच्या पाहुण्यांना आवतण गेलेलं, दोनशे पानांची बुंदी सांगून झालेली.

आणि सोमवारी सकाळी सव्वाअकराला उत्सवमूर्ती पालथी पडून घोरत होती.

"झोपेतच उतरवून टाकू," रामराव म्हणाले. "लेकराला कळणार बी न्हाई."

"झोपल्या लेकराचं जावळ काढत न्हाईत," सोनूबाई म्हणाल्या. "जागं लेकरू मामाच्या मांडीवर बसलं पाह्यजे. आमच्यात तसंच हाये."

"आणि रडत असलं तर मी वस्तरा लावू देणार न्हाई," बेबीनंदाने झोपेतूनच सांगितलं. "आधीच सांगून ठेवते आबा."

म्हणजे लेकरू जागं हवं आणि वर खुशीतही हवं. तीन दिवस हातात होते. दुपारी जावईबापूंचा फोन आला. त्यांनी तिकडच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं: सकाळी ऊन दाखवा, अंगणात खेळवा, दिवसा फार झोपला तर हळूच उठवा.

"उठवा?" सोनूबाई म्हणाल्या. "माझ्या घरात झोपलं लेकरू कुणी उठवायचं न्हाई. डॉक्टरला म्हणावं, तू तुझी लेकरं उठीव."

तिथे तो उपाय संपला. रामरावांनी मात्र एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर पट्टीने रेघा आखल्या आणि संध्याकाळी सगळ्यांना ओट्यावर बसवलं.

"लेट गाडीला हाणून मारून टायमावर आणता येत न्हाई," ते म्हणाले. "मंग आपण काय करत होतो? तिच्या प्याशिंजरांसाठी पुढची जोडगाडी थांबवून धरत होतो. तर आजपासून ह्या घराची गाडी ईशानच्या गाडीसाठी थांबणार. तो जेवंल तवा आपण जेवायचं, तो झोपंल तवा आपण झोपायचं. आन समद्यांनी मिळून रोज तीन तास लेट कापायचा. आज साडेतीनला झोप, उद्या साडेबाराला, बुधवारी रात्री साडेनऊला. गुरुवारी गाडी बराबर टायमावर."

"आन म्हशीची धार?" सोनूबाईंनी विचारलं.

"ती बी."

मुलगा मच्छिंद्र, म्हणजे ज्याच्या मांडीवर जावळ व्हायचं तो मामा, नुकताच झोपून उठला होता. शेतातल्या मोटारीला लाईट रात्री बारा ते सहा यायची, गव्हाला पाणी चालू होतं, आणि तो महिनाभर रात्रीचाच जगत होता. लोडशेडिंगने त्याला फुकटात अमेरिकेला नेऊन ठेवलं होतं.

सोमवारी रात्री एक वाजता सोनूबाईंनी भाकरी थापायला घेतल्या. आष्टीत रात्री एकला घर जागं आणि घरभर दिवे याचा अर्थ एकच. पाच मिनिटांत शेजारचे सर्जेराव खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे राहिले.

"कोण गेलं?" त्यांनी खाली मान घालून विचारलं.

"कोणी न्हाई. जेवून राह्यलो," रामराव म्हणाले. "बसा. भाकर खा."

सर्जेराव बसले. घरातलं कोणी गेलेलं नाही याची खात्री व्हायला त्यांना दोन भाकरी लागल्या. मग ईशानने त्यांना घोडा केलं आणि ते अंगणात चार फेऱ्या रांगून आले. म्हशीला अडीच वाजता उठवलं तर तिने एक थेंब दूध दिलं नाही, उलट सोनूबाईंच्या लुगड्यावर शेपटी मारली. साडेतीनला वेळापत्रकाप्रमाणे दिवे मालवले. घरातली मोठी माणसं वेळापत्रकाप्रमाणे आडवी झाली, आणि ईशान अंधारात आजोबांच्या पोटावर बसून सहापर्यंत गाणी म्हणत राहिला. तो झोपला तसं सारं घर जे झोपलं ते दुपारी तीनला उठलं.

मंगळवारी रात्री मात्र चमत्कार झाला. बेत साडेबाराचा होता आणि ईशान एकला झोपला. रामरावांनी कागदावर 'अर्धा तास लेट' असं लिहिलं आणि त्यांची छाती फुगली.

"बघितलं?" ते म्हणाले. "गाडी लायनीवर आली."

"ती आली," सोनूबाई म्हणाल्या. "पन मला आता झोप येईना. म्या दुपारी तीनला उठलेय."

कोणालाच येईना. सगळे आढ्याकडे बघत पडून राहिले आणि पहाटे पाचच्या सुमाराला एकामागून एक विझले. बुधवारी पुन्हा तीनला उठून पाहतात तो ईशान जागच्या जागी झोपलेला. त्याच्या पायाला शेण कसं लागलं, असं बेबीनंदाने विचारलं. पण सगळ्यांच्याच डोक्यात झोपेचा भुसा भरला होता, त्यामुळे सोनूबाईंनी नुसता पाय पुसून टाकला.

खरा घोळ बुधवारी झाला. वेळापत्रकात साडेनऊची झोप होती आणि ईशान वरणभाताचा घास तोंडात धरूनच आठ वाजता झोपला.

"दीड तास आधी," रामराव म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. गाडी वेळेआधी सुटणं हे त्यांच्या लेखी लेट होण्यापेक्षा वाईट होतं. "आता हा दोनला उठणार. दोनला उठला की सकाळी दहा-अकराला पुन्हा पेंगणार. ऐन मुहूर्ताला."

"मंग काय करायचं?" बेबीनंदाचा आवाज रडवेला झाला.

"दोनला उठंल तवा त्याला खेळवून, दमवून, चारला परत झोपवायचं. समदे तयार राहा. ज्याला झोप येईल त्यानं डोळ्याला पाणी लावायचं."

मग सगळे तयार राहिले. दोन वाजले, ईशान उठला नाही. तीन वाजले, तरी नाही. मच्छिंद्र पाणी अर्ध्यावर सोडून घोडा व्हायला शेतातून परत आला आणि गुडघ्यावर बसून राहिला. सर्जेरावही आले. त्यांना आता सवय झाली होती. चार वाजता सोनूबाईंनी नातवाच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. श्वास छान चालला होता. पहाटे पाचला रामराव देवीला मनातल्या मनात म्हणाले की बाई, मी माझ्याकडून एक मिनिटसुद्धा कुचराई केली नाही, आता तुझं तू बघ.

ईशान सकाळी सातला उठला. त्याने हातपाय ताणले, भोवती बसलेल्या लाल डोळ्यांच्या पाच माणसांकडे पाहिलं आणि खुदकन हसला.

देवळात सव्वाअकराला गर्दी मावत नव्हती. मच्छिंद्र नवा फेटा बांधून पाटावर बसला, ईशान त्याच्या मांडीवर. भिवा न्हाव्याने कात्री काढली, वाटीत पाणी घेतलं आणि वस्तऱ्याला धार लावली. त्या आवाजाने ईशानने मान वळवली. वस्तरा पाहिला. खालचा ओठ हळूहळू बाहेर यायला लागला. बेबीनंदा एक पाऊल पुढे झाली. रामरावांनी डोळे मिटून घेतले. रडला की संपलं, आणि पोरगी शब्दाची पक्की होती, त्यांचीच होती.

तेवढ्यात मच्छिंद्र घोरला.

महिनाभर हीच त्याची झोपायची वेळ होती, त्यात आज रात्रभर शेत आणि घर दोन्ही झालेलं. पाठ ताठ, हात भाच्याभोवती घट्ट, फेटा किंचित पुढे, आणि झोप अगदी गाढ. ईशानने रडणं थांबवून वर पाहिलं. मामाच्या मिशा प्रत्येक घोरण्याला वर जात होत्या आणि शिट्टी वाजवत खाली येत होत्या. त्याने पाहुण्यांकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.

"मामा झोपून राह्यलाय," तो दबक्या आवाजात म्हणाला.

वाजंत्रीवाल्यांनी सनई खाली ठेवली. दोनशे माणसं चिडीचूप झाली. भिवाने वेळ न घालवता डोक्यावर पाणी लावलं आणि हात चालवला. ईशान मामाची झोप मोडू नये म्हणून जराही हलला नाही. सोनूबाई पदर पसरून केस झेलत होत्या. अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी ते केस देवीच्या पायाशी गेले, आणि दोन वर्षं रामरावांच्या छातीवर असलेलं ओझं एकदम उतरलं. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी येऊ दिलं.

"आपलं टाइमटेबल बराबर बसलं," त्यांनी डोळे पुसत बेबीनंदाला सांगितलं.

पण गोटा झालेला ईशान मामाच्या मांडीवरून उतरला तो थेट सर्जेरावांच्या बायकोकडे, उषाबाईकडे, पळत गेला. "उशामाय, वासरू," तो म्हणाला.

"ह्याला तू कशी माहीत?" रामरावांनी विचारलं.

"दोन दिस झाले, माझ्याकडंच हाये की," उषाबाई म्हणाल्या. "मंगळवारी ताक द्याया आल्ते, तर दार उघडं, तुमी समदे आडवे, आन हे लेकरू उंबऱ्यात एकटंच बसलेलं. मंग नेलं. उन्हात वासरामागं पळू दिलं, भाकर चारली, दुपारी दमून झोपलं की जागेवर आणून ठिवलं. कालबी तसंच. तुमाला उठवू म्हटलं, पर तुमी लई दमलेले दिसलात."

जावईबापूंच्या डॉक्टरांनी सांगितलेलं ते एवढंच होतं. रामरावांनी खिशातली वेळापत्रकाची लग्नपत्रिका चाचपली आणि तिथेच राहू दिली. एरवी त्यांना राग आला असता. आज त्यांनी उषाबाईंना दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि खांबाला टेकून जरा बसले.

पंगत बसल्याचा आवाज त्यांना लांबून ऐकू आला. वाटूरचे एक पाहुणे विचारत होते, "घरचं कोणी दिसंना. मालक कुठंयत?"

"ते खांबाला. मालकीण कोठीत, पोत्यावर. मामा अजून पाटावरच हाये, त्याला कुणी हलवलं न्हाई. बेबी पाव्हण्यांच्या गाडीत," उषाबाईंचा आवाज.

"समदेच झोपले? अमेरिकेहून आलेत का हे?"

"न्हाई," उषाबाई म्हणाल्या. "अमेरिकेहून ह्यो आलाय."

रामरावांनी मोठ्या कष्टाने एक डोळा उघडला. तुळतुळीत डोक्याचा ईशान हातात मिठाची वाटी घेऊन पंगतीतून फिरत होता आणि प्रत्येक पानावर वाकून चिमूटभर मीठ ठेवत होता. वाटूरच्या पाहुण्यांच्या पानावर त्याने दोनदा ठेवलं. रामरावांनी टोपी डोळ्यांवर ओढली.