निवडीआधीचा सत्कार

मुलाखत मंगळवारी होती आणि रविवारी सकाळीच शिवकन्येनं स्वतःचं तोंड विजेच्या खांबावर लटकलेलं पाहिलं. 'आफ्रिकेत मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' तिचा फोटो आधार कार्डावरचा, नखाएवढा. बाकी सगळा फ्लेक्स आप्पारावांचा. पांढरे कपडे, जोडलेले हात, आणि खाली गॉगलवाल्या पुतण्यांची रांग.

निवड झालेलीच नव्हती. माजलगावच्या एका संस्थेत आठ महिने ती शिकली होती. शेकडो मजुरांची हजेरी कशी लावायची, पाण्याच्या पाळ्या कशा बसवायच्या, तोडलेला ऊस वाळायच्या आत कारखान्यात कसा पोचवायचा. झांबियातल्या एका ऊसमळ्याला अशी शिकलेली तरुण माणसं हवी होती. शेवटची मुलाखत व्हिडिओवर, मंगळवारी अकराला. ही जागा हुकली तर दिवाळीनंतर आईबापामागं कोयता घेऊन ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर बसायचं, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. सगळ्यांना पाठच होतं.

"माय, तू कुणाला काय सांगितलंस?"

"म्या? भिवराबाईला निस्तं म्हणलं, पोरगी आफ्रिकेला जाईल बहुतेक," चंद्रभागाबाई म्हणाली.

त्यातलं 'बहुतेक' भिवराबाईच्या दारातच राहिलं होतं. उरलेलं वाक्य गावभर फिरलं आणि आप्पारावांच्या ओट्यावर जाऊन बसलं.

आप्पाराव कधीकाळी पंचायत समितीचे सभापती होते आणि तेव्हापासून माजी असण्याचं काम मन लावून करत होते. शिवकन्या तडक त्यांच्याकडं गेली.

"आप्पा, निवड झाली न्हाई अजून. फ्लेक्स काढा."

"होईल की. आमी हाव ना."

"तुमी काय करणार? मुलाखत मला द्यायचीय."

"तू मुलाखत दे, आमी सत्कार करतो. ज्याचं त्याचं काम. मंगळवारी अकराला ठिवलाय, पारावर."

"अकरालाच मुलाखत हाय, आप्पा."

"मग कसं करावं? दुपारी एकला मला आष्टीत लग्न हाय."

या जिल्ह्यात पाण्याचा टँकर मागायला चार अर्ज करावे लागतात. सत्कार मात्र न मागता दारात येतो आणि त्याला परत पाठवायची सोय कुठल्याच कचेरीत नाही.

मंगळवारी नऊलाच मोटारसायकलवर बसून आष्टी गाठायची आणि तिथून बोलायचं, असं तिनं ठरवलं. आप्पारावांनी साडेआठलाच हलगी पाठवली. मागोमाग भावकीतल्या बायका औक्षणाला आल्या, कुणीतरी तिच्या डोक्याला फेटाही गुंडाळून टाकला. मोटारसायकल कुठंय म्हणून ती बघायला गेली, तर बोळात आप्पारावांची सजवलेली जीप आडवी.

"काढायची म्हणलं तर डायवर च्या प्यायला गेलाय," तिचा बाप गहिनीनाथ हळूच म्हणाला. "आता गं?"

घरात पत्र्याखाली रेंज येत नव्हती. गावात ती एकाच जागी धड यायची, पारावर. आणि पारावर मांडव होता. त्यामुळं शिवकन्या दात-ओठ खात, पण स्वतःच्याच पायानं, स्वतःच्या सत्काराला गेली.

अकराला फोन वाजला तेव्हा आप्पारावांचं भाषण आफ्रिकेवरून सुटून त्यांच्या स्वतःच्या लहानपणावर आलं होतं. हलगीवाले बद्रीनाथ मामा प्रत्येक वाक्याला दणका देत होते. फोनवर मुलेंगा बाई दिसल्या, त्या ऊसमळ्याच्या मुख्य व्यवस्थापक. त्यांनी आधी फेटा पाहिला, मग गळ्यातले तीन हार.

"तुमचं लग्न चाललंय का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही. सत्कार चाललाय. नोकरी मिळाल्याबद्दल."

"कुठली नोकरी?"

"तुमची."

पलीकडं बाईंनी हातातला कागद उलटून पाहिला. मग बाई म्हणाल्या, "मला तुमचं निम्मं ऐकू येत नाहीये. दोन मिनिटांत शांतता झाली नाही, तर मी पुढच्या उमेदवाराला घेते."

शिवकन्येला आता संताप आला. तिनं फोन सत्काराच्या नारळाला टेकवून उभा केला, उठली आणि आप्पारावांच्या हातातला माईक काढून घेतला.

"बद्रीनाथ मामा, हलगी पाराच्या मागं न्या, तिथंच बसा. बायकांनी सावलीच्या अंगाला सरकायचं, लेकरं मधी. आचाऱ्यानं कालथा खाली ठिवायचा. निवड झालेली न्हाई. मुलाखत ह्या फोनवर आता चालू हाय. जेवण बाराला, आणि ते हायेच."

शेवटच्या वाक्यानं गाव पटकन खाली बसलं. आप्पाराव तेवढे उभे राहिले.

"कावून माईक घेतला, पोरी? माझं भाषण राहिलंय."

"बाराला पाच कमी असताना तुमचं भाषण, आप्पा. पाच मिनिटं. तवर बसा."

"पाचच?"

"चार करू का?"

आप्पाराव बसले.

त्यानंतर अर्धा तास पारावर माशी घोंगावलेली ऐकू आली असती. पंधरा मजूर आलेच नाहीत तर काय कराल, ऊस भरलेला ट्रॅक्टर वाटेत बंद पडला तर काय कराल, मुलेंगा बाई विचारत गेल्या. पुस्तकातलं आठवलं ते तिनं सांगितलं, न आठवलं तिथं बापाच्या टोळीत पाहिलेलं सांगितलं.

"आता शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "तो पांढऱ्या कपड्यांतला माणूस. भाषा कळली नाही, पण मी सगळं बघत होते. त्याला बसवलंत कसं?"

"कधी उठायचं ते सांगितलं."

मुलेंगा बाईंनी मागं वळून आपलं दार लागलंय का ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या कंपनीचे अध्यक्ष दर सोमवारी मळ्यावर येतात. मजुरांना उन्हात उभं करून दोन तास बोलतात. तोडलेला ऊस तसाच पडून राहतो. तीन मॅनेजर होऊन गेले, त्यांना थांबवायची एकाचीही छाती झाली नाही." त्या जरा थांबल्या. "तुम्ही कधी येऊ शकाल?"

शिवकन्येनं तारीख सांगितली. फोन बंद झाल्यावर तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण श्वास अर्धाच घेतोय. तिनं एक पुरा घेतला, सोडला. फेटा काढून मांडीवर ठेवला. घामेजल्या केसांना वारं लागलं तसे तिचे खांदे आपोआप खाली आले. समोर चंद्रभागाबाई पदराचं टोक चावत तिच्याकडं बघत होती.

तिनं माईक तोंडाशी नेला. "झाली निवड. आता करा सत्कार."

सगळ्यांत आधी टाळ्या आप्पारावांनी वाजवल्या. बसूनच.