तिसरीच्या वर्गातलं सातवं पाप

धर्मशिक्षणाच्या बाईंचं एक ठाम म्हणणं होतं: "पोराच्या पापण्या बघितल्या की मला पाप कळतं!" हे बाई शिक्षकांच्या खोलीत बोलत, बसथांब्यावर बोलत आणि घरी आमटी ढवळता ढवळता नवऱ्यालाही ऐकवत. वर्गातल्या अठ्ठावीस चिमण्यांनी त्यांचं नाव दुर्बीणबाई ठेवलं होतं, तेही त्यांना पापण्यांवरूनच कळलं होतं म्हणे!

कॅथलिक शाळेतली तिसरी म्हणजे पहिल्या पापनिवेदनाचं वर्ष. फादरांसमोर गुडघे टेकायचे, केलेली पापं हळू आवाजात सांगायची, क्षमा घेऊन हलकं होऊन यायचं. शनिवारी सकाळी तो दिवस होता. वर्ष संपत आलं होतं, आणि मुख्याध्यापिका सिस्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "शनिवार नीट पार पडला तर पुढच्या वर्षी तिसरी तुमची. नाहीतर नव्या बाई आल्याच आहेत." बाईंना चौदा वर्षांची तिसरी म्हणजे पोटची लेक. ती दुसऱ्या कोणाच्या ओटीत कशी घालायची?

म्हणून तयारी कडेकोट! गुरुवारी प्रत्येकानं आपली पापं चिठ्ठीवर लिहिली. "कोणाला दाखवायची नाहीत हं! तू, फादर आणि देव. चौथ्याचे डोळे लागले की ते पाप होतं!"

शाळा सुटली. बाक सरळ करताना बाईंना तिसऱ्या रांगेखाली एक चिठ्ठी दिसली. चौथ्याचे डोळे लगेच लागले.

"मी आईला उलट बोललो. मी प्रार्थनेत डुलक्या घेतल्या. मी बाईंच्या कपाटातून चोरी केली."

चोरी! म्हणजे देवाच्या दहा आज्ञांतली सातवी मोडली, सातवं पाप! कपाट उघडलं. खडू होते. कात्री होती. घंटा, चांदण्यांचे स्टिकर, अर्धा पुडा बिस्किटं, सगळं जागच्या जागी. तीनदा बाहेर काढलं, तीनदा आत ठेवलं. काहीच गेलं नव्हतं!

"मग चोरी कसली?" घरी नवरा म्हणाला.

"तेच तर! जे गेलं ते गेलंय हेसुद्धा कळू नये, इतका सराईत आहे मेला!"

"अगं, आठ वर्षांचं पोर ते."

"आत्ता आठ. अठराव्या वर्षी बँक फोडेल!"

नवऱ्यानं भाताकडे लक्ष दिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली की माणूस भाताकडे लक्ष द्यायला शिकतो.

शंका बाई शंका, तिनं घेतलं गं सूप,
दाणा नाही एक, कोंडा डोळ्यांत गेला खूप!

शुक्रवारी पहिल्याच तासाला बाईंनी शुद्धलेखन घातलं. वाक्य एकच: "मी बाईंच्या कपाटातून." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अक्षर जुळवायला बाई वह्या घेऊन बसल्या, तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वह्यांत 'क' खेकड्यासारखा आणि 'ई' शेपटी वर केलेली! असणारच. चौदा वर्षं बाईंनीच तसा गिरवून घेतला होता. त्या अक्षराच्या हिशेबानं पहिली संशयित त्या स्वतःच होत्या.

मग त्यांनी जालीम उपाय केला. खडूची भुकटी कपाटाच्या मुठीवर भरपूर चोपडली आणि मधल्या सुट्टीत त्या पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसल्या. मांजर उंदरासाठी बसतं ना, तशा. फरक इतकाच, की मांजराच्या गुडघ्यांत कळ येत नाही.

सुट्टी संपली. बाई वर्गात धावल्या. हात पांढरे कोणाचे?

सिस्टरांचे! उद्याच्या मेणबत्त्या कपाटात ठेवायला त्या आल्या होत्या. नंतर हात कुठे पुसले, तेही लांबून दिसत होतं: काळ्या झग्यावर पाच बोटं, लख्ख, चंद्रासारखी!

"हे काय आहे, बाई?"

"सापळा, सिस्टर."

"कोणासाठी?"

"वर्गात चोर आहे! तो सापडेपर्यंत मी एकालाही उद्या घेऊन जाणार नाही!"

"आई-बापांना पत्रकं गेलीत!" सिस्टरांचा आवाज चढला. जिन्यावरून चाललेल्या नव्या बाई थबकल्या, कान टवकारून. "शाळा सुटायच्या आत काय तो निकाल लावा. नाहीतर पुढचं वर्ष विसरा!"

बाई वर्गासमोर उभ्या राहिल्या. अठ्ठावीस जोड्या पापण्या, आणि एकीवरही काही वाचता येईना.

"माझ्या कपाटातून कोणी चोरी केली? खरं सांगणाऱ्याला देव क्षमा करतो. हात वर!"

एक हात वर झाला. मग चार. मग वाऱ्यावर शेत डोलावं तसे सगळेच! अठ्ठावीस!

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "अख्खी टोळी!"

दोन वेण्यांची एक पोर उठली. डोळ्यांत पाणी. "बाई, मी चोरलं नाही. पण ते पाप माझ्याकडे आहे."

"म्हणजे काय गं?"

"तुम्ही म्हणालात, तीन तरी आणा, नाहीतर फादरांना वाटेल तयारीच केली नाही. मला दोनच सापडली. मग यानं एक दिलं." तिनं शेजारच्याकडे बोट दाखवलं.

"आणि तुझ्याकडे कुठून आलं रे?"

"मला ताईनं दिलं," शेजारचा म्हणाला. "ती आता सातवीत आहे. तिला तिच्या मैत्रिणीनं दिलेलं. ते चांगलं पाप आहे, बाई. लिहायला सोपं, आणि फादर रागावत नाहीत. कोणाकडे कमी पडलं की आम्ही देतो."

"दरवर्षी?"

"हो. खालच्या वर्गातलेसुद्धा आत्तापासून मागतात."

बाईंच्या डोळ्यांसमोर चौदा वर्षांचे तिसरीचे वर्ग रांगेनं उभे राहिले. एक न झालेली चोरी, आणि तिची क्षमा मागणारी कितीतरी पोरं! त्यांनी दोन वेण्यांचं डोकं जवळ घेतलं. "दोन असतील तर दोनच सांग, बाळा. एक असेल तर एक. शून्य असेल तर नुसतं भेटून ये."

शनिवारी मुलं एकेक करून आत गेली आणि पिसासारखी हलकी होऊन बाहेर आली. शेवटच्या पोरामागं बाईही रांगेत उभ्या होत्या, हातात चिठ्ठी, दोन्ही बाजूंनी भरलेली. दुसऱ्याची चिठ्ठी वाचली, लेकरांना टोळी म्हटलं, सिस्टरांचा झगा... यादी लांब होती.

सिस्टर जवळ येऊन पुटपुटल्या, "पुढच्या वर्षी तिसरी तुमच्याकडेच."

"खरंच, सिस्टर? मुलांनी नाव काढलं ना?"

"मुलांचं सोडा. नव्या बाईंनी नकार दिला. म्हणाल्या, चोरांचा वर्ग मला नको! सगळ्या शाळेत बोभाटा झालाय."

"अरेरे!" बाई म्हणाल्या आणि मान खाली घातली. मग पर्समधून पेन काढलं, चिठ्ठी भिंतीला टेकवली आणि कोपऱ्यातल्या उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: "हे ऐकून फार आनंद झाला."