किडक्या पानांचे उत्तमभाऊ

आमचे शेजारी उत्तमभाऊ यांना निरोगी पान बघवत नाही. हिरव्यागार झाडाखाली उभे राहून ते मान वर करतात, डोळे बारीक करतात आणि पोरीचं लग्न मोडल्यासारखा चेहरा करून म्हणतात, "काय झाड हाय हे, सर! एक पान किडलं नाई."

त्यांना पान लागतं ते अळीनं चाळणी केलेलं, पानं कापणाऱ्या माशीनं कडेला गोल चावा घेतलेलं, करपलेलं, टिक्के पडलेलं. असं एखादं सापडलं की माणूस उजळतो. रस्त्याच्या मधोमध, मागून एसटी हॉर्न वाजवत असताना, ते पान उन्हात धरून त्याच्या शिरा बघत उभे राहतात. रिसोडचे ड्रायव्हर आता हॉर्न वाजवत नाहीत, गाडी बाजूनं काढून घेतात. "कोऱ्या पानात काय पाहाचं?" हा त्यांचा सवाल. "त्याच्या जिंदगीत काईच झालं नाई."

रिसोडच्या मेन रोडवर त्यांचं दुकान आहे. खिडकीच्या काचा कापून देणं आणि फोटोला फ्रेम करून देणं हा पोटाचा धंदा. खरा जीव मागच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये. तिथं त्यांनी भट्टीच्या विटा आणि विजेची कॉइल जमवून स्वतःच्या हातानं एक पेटी उभी केली आहे, वर उचलायचं जड झाकण. दोन काचांच्या मध्ये वाळवलेलं पान ठेवायचं आणि भट्टी तापवायची. वरखालच्या काचा वितळून एक होतात. मधलं पान जळतं, पण त्याची राख जागची हलत नाही. शीर न्‌ शीर, अळीनं पाडलेलं भोक न्‌ भोक, सगळं पांढुरकं होऊन काचेत कायमचं राहतं. हे त्यांना कोणी शिकवलं नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी बाईचा व्हिडिओ पाहिला, तिची भाषा एक अक्षर कळली नाही, आणि तिथून हे सुरू झालं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. रिठदला रोज जाऊन येऊन करतो. त्यामुळं उत्तमभाऊंचे माझ्यावर दोन हक्क. पहिला खडूंचा. काच भट्टीच्या तळाला चिकटू नये म्हणून खाली खडूची भुकटी पसरावी लागते, आणि सरकारी खडूइतकी बारीक भुकटी कशाचीच होत नाही, असं त्यांचं ठाम मत. माझ्या शर्टाच्या खिशातले तुकडे ते नमस्कार करता करता काढून घेतात. दुसरा हक्क माझ्या गाडीवर मागे बसून शेतं हिंडायचा.

एकदा रिठदच्या शिवारात मी त्यांना सोयाबीनच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उतरवलं आणि शाळेत गेलो. दुपारी परत येऊन बघतो तर उत्तमभाऊ बाजेवर, हातात चहा, आणि भोवती दहा-बारा माणसं हात बांधून उभी. झालं असं की, हा दोरी बांधलेला चष्मा लावलेला गृहस्थ नेमकी खाल्लेली पानं निवडून वहीत ठेवतो आहे, हे पाहून लोकांनी त्यांना पीकविम्याचा साहेब ठरवलं होतं. जो तो आपल्या वावरातली जास्तीत जास्त सडकी पानं आणून दाखवत होता. "साहेब, माह्या इकडं पाहा. पुरी चाळनी झाली." आणि उत्तमभाऊ गहिवरून म्हणत होते, "वा! असा माल मी आजवर पाह्यला नाई." लोकांना वाटलं, साहेब टोमणे मारतो आहे. खरा प्रकार त्यांना कळल्यावर आम्ही गाडी ज्या वेगानं काढली, त्या वेगानं मी पुन्हा कधी चालवली नाही.

त्यांचं पालुपद एकच. "निवू द्या." काच तापवायला अक्कल लागत नाही, निववायला लागते, असं ते सांगतात. भट्टी बंद केली आणि झाकण उघडलं, असं चालत नाही. त्यांच्या भट्टीला आपोआप चालणारं यंत्र नाही, तेव्हा दर अर्ध्या तासानं बटण एकेक घर खाली आणत बसावं लागतं, आणि नंतरही पूर्ण रात्र, अर्धा दिवस झाकणाला हात लावायचा नाही. घाई केली की तडा जातो. हे काचेपुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. पण यांचा चहा निवतो, साय धरते, मग ते पितात. गल्लीत नळावरून भांडण पेटलं की लोक धावतात, हे लांबून ओरडतात, "निवू द्या, निवू द्या!" मला एकदा टायफॉइड झाला होता, तेव्हाही उशाशी बसून त्यांनी माझ्या बायकोला हाच धीर दिला. तेवढ्या एका वेळी तो लागू पडला.

या दोन शब्दांचा मला राग यायला लागला तो सहा वर्षांपूर्वी.

त्यांची बायको, शोभावहिनी, अकोल्याला दवाखान्यात होती. छातीत कफ झाला होता. उतार पडला आहे, दोन दिवसांत घरी सोडू, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून उत्तमभाऊ एका दिवसासाठी रिसोडला आले. दुकान झाडलं, आणि वहिनी घरी येणार या आनंदात भट्टी लावली. पळसाचं भलं मोठं पान, वहिनींनीच वहीत वाळवलेलं. पहाटे मुलीचा फोन आला, "बाबा, लगेच निघा." उत्तमभाऊंनी बटण बघितलं आणि म्हणाले, "भट्टी निवून राह्यली बाप्पा, दुपारच्या गाडीनं निंगतो." ते संध्याकाळी पोचले तेव्हा वहिनी गेलेल्या होत्या.

मुलगी मनीषा, एकुलती एक, अकोल्यालाच दिलेली. तेरवी झाली, तिनं आईचा फोटो पिशवीत घातला आणि बापाशी एक शब्द न बोलता गेली. ती परत आली नाही. उत्तमभाऊंचा फोन ती उचलत नसे. मी शंभरदा म्हटलं असेल, "भाऊ, अकोला काही विलायत नाही. जा, पोरीच्या दारात बसा, शिव्या खा." प्रत्येक वेळी तेच उत्तर. "निवू द्या, सर. आधी झाकन उघडलं का तडकते." अहो, सहा वर्षं! सहा वर्षं कुठली काच निवते? एकदा मी हे तोंडावर बोललो. ते काच पुसत राहिले. मलाच मग जेवण गेलं नाही.

यंदा दिवाळी झाल्यावर एका रविवारी मनीषाचाच मला फोन आला. नवऱ्याची बदली सुरतेला झाली होती, पुढच्या रविवारी बिऱ्हाड हलणार होतं. तिला शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे होता आणि तो रिसोडच्या शाळेतूनच मिळणार होता. "गुरुवारी येते काका. ओळख असंल तर तेवढं लवकर करून द्या. आन बाबाले सांगू नोका."

मी फोन ठेवला आणि सरळ शेडमध्ये जाऊन सांगितलं. अशा वचनांना मी बांधील नाही.

उत्तमभाऊ ऐकून उभेच राहिले. मग अंगणातल्या पेरूच्या झाडाकडं गेले. मनीषा लहानपणी त्याच झाडावर बसलेली असायची, तिला खाली उतरवायला वहिनींना काठी दाखवावी लागे. त्या झाडाची वाळवलेली पानं त्यांच्या वहीत होतीच. तासभर त्यांनी पानं उलटीपालटी केली आणि शेवटी एक निवडलं. कडेला माशीनं घेतलेला अर्धा चंद्र आणि मधे दोन बारीक भोकं. त्या रात्री भट्टी लागली.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. दाखल्याचं काम बाराला झालं आणि मी मनीषाला घरी जेवायला घेऊन आलो. दारापर्यंत आल्यावर ती थांबली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला, भेटून घेते." आम्ही शेडशी गेलो. उत्तमभाऊ भट्टीजवळच्या स्टुलावर बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, हनुवटीला दोन ठिकाणी कापलेलं. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा बटणाकडं बघायला लागले.

"आली?"

"आली."

"गाडीले गर्दी होती?"

"होती."

मला वाटलं, दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत. शेवटी उत्तमभाऊ म्हणाले, "तुह्यासाठी पान लावलं. आपल्या पेरूचं."

मनीषाच्या चेहऱ्यात काही तरी हललं. ती एक पाऊल आत आली. "दाखवा."

"आता? आता नाई. निवून राह्यलं ना. उद्या दुपारी उघडंन." रविवारी लावलेलं बिघडलं असेल, पुन्हा लावलं असेल, असं मी धरून चाललो.

"बाबा, मी चारच्या गाडीनं चालली. रविवारी सुरत."

"मंग पुढच्या खेपीले नेजो," ते म्हणाले, बटणाकडं बघतच.

ती भट्टीला वळसा घालून पलीकडं गेली, वाकून तिनं एक हात विटांवर टेकला आणि झटकन मागं घेतला. भाजलं बिचारीला, असं मला वाटलं. ती बाहेर गेली. माझ्याकडं जेवायला बसली, पण दोन घासांवर उठली. उत्तमभाऊ आलेच नाहीत. बटण खाली घ्यायचं आहे, असा निरोप पाठवला. माझ्या बायकोनं त्यांचं ताट झाकून शेडमध्ये नेऊन ठेवलं.

स्टँडवर वाशीमवरून अकोल्याला जाणारी गाडी लागली होती. मनीषा पायरीवर चढली, पुन्हा उतरली, आणि एकदम रडायला लागली.

"काका, भट्टी थंडी होती."

"काय?"

"थंडीगार. मी हात लावून पाह्यला. त्या भट्टीपाशी बसून मी दहावीचा अभ्यास केला, मले समजत नाई का? आईच्या वक्ताले भट्टी गरम तरी होती. आज तं तेही नोतं. मी दोन घडी बसू नये म्हनून बाबा खोटं बोलले. पानबीन काई नाई तिच्यात."

कंडक्टरनं घंटी मारली. ती वर चढली आणि पलीकडच्या बाजूची खिडकी धरून बसली, म्हणजे मी दिसू नये.

मी तसाच तणतणत शेडवर आलो. उत्तमभाऊ स्टुलावर होते तसेच होते. इतक्या वर्षांत त्यांच्या भट्टीच्या झाकणाला मी कधी बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी दोन्ही हातांनी उचललं आणि मागे लोटलं.

आत धुतलेल्या मऊ कापडाची घडी होती. तिच्यावर पेरूचं पान. काचेत पांढरं, लखलखीत पुसलेलं, कडेचा अर्धा चंद्र जसाच्या तसा. एक बुडबुडा नाही, एक तडा नाही. त्यांच्या हातून इतकं सुंदर काही झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"हे कधी निघालं?"

"मंगळवारी."

"मग काहून खोटं बोलले, भाऊ? पोरगी समोर उभी होती! द्यायला काय झालं होतं तुम्हाला?"

उत्तमभाऊंनी उठून झाकण हळूच खाली घेतलं.

"देल्लं असतं तं घेऊन गेली असती, सर," ते म्हणाले. "मंग इथं तिचं काय राह्यलं असतं? तिची माय नाई. माह्यासाठी तं ती येत नाई, हे मले समजते. आता तिची एक वस्तू माह्यापाशी अडकून हाय. सुरतेहून का होईना, न्याले ती येईन ना कवातरी." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "येईन ना हो?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. तिनं विटांना हात लावला होता, हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. "येईल," एवढंच म्हटलं आणि बाहेर आलो.

पेरूच्या झाडाखाली उभा राहून मी मनीषाला फोन लावला. पहिल्यांदा तिनं कट केला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा उचलला. मीच बोलत गेलो. कापडाची घडी, पान, मंगळवार, ते जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, एकही शब्द न गाळता. माझं संपलं. पलीकडं नुसता गाडीचा खडखडाट येत राहिला. फोन चालू आहे की नाही हे बघायला मी तो कानापासून दूर धरला. चालू होता.

मग तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"काका, बाबा जेवले का?"

मी शेडमध्ये डोकावलो. झाकलेलं ताट स्टुलाशेजारी तसंच होतं.