डंभारे सरांचा पहिला धडा

बोरगाव मेघेतल्या नव्या घरी सामान हलवलं, त्या दिवशी मी लोखंडी कपाटाखाली होतो. वरच्या अंगाला दोन हमाल, खालच्या अंगाला मी आणि दार अरुंद. नेमके तेव्हाच पांढरा बुशशर्ट घातलेले एक उंच, किडकिडीत गृहस्थ फाटकातून आत आले, माझ्या तोंडासमोर उभे राहिले आणि हात जोडून, वर्गात उभं राहून कविता म्हणावी तशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"नमस्कार. माझं नाव मनोहर. माझा देश भारत. तुमचं नाव काय? तुमचं गाव कोणतं? तुमच्या घरी कोण कोण आहे? तुम्हाला काय आवडतं?"

माझ्या हातून कपाट सुटलं. डाव्या अंगठ्याचं नख त्या दिवशी गेलं, ते परत यायला चार महिने लागले. माझा देश भारत! वर्धा स्टेशनापासून जेमतेम दोन मैलांवर हे एका माणसाने दुसऱ्याला सांगावं? मग मी काय परदेशातून आलो होतो?

"साहेब, सांगून टाका ना काय आवडते ते," वरचा हमाल कळवळून म्हणाला. "लय जड हाये."

मी कण्हत कण्हत सांगितलं. नाव सुधाकर, गाव रोहणा, घरी बायको कुसुम, वडील गावी शेतावर. आणि या घटकेला मला सर्वांत जास्त आवडेल ते कपाट खाली ठेवणं. उत्तर संपलं तरी गृहस्थ हलले नाहीत. हात जोडलेले, नजर माझ्या ओठांवर. कुसुमला वाटलं, चहासाठी थांबलेत. तिने पेटीतून स्टोव्ह उपसला आणि चहा केला. तो पिऊन ते निघून गेले. डंभारे सरांशी आमची ओळख झाली ती अशी.

मी जिल्हा परिषदेत कारकून. माझ्या प्रकृतीला धक्के सोसत नाहीत. पण शेजारी डंभारे सर म्हटल्यावर प्रकृतीचे लाड कोण करणार? हे चार प्रश्न ते मलाच विचारत असं नाही. रेशनच्या रांगेत पुढच्याला विचारत, एसटीच्या कंडक्टरला विचारत, घरी आलेल्या मीटर वाचणाऱ्याला विचारत. एकदा पुलगावच्या गाडीत एका हवालदाराला विचारलं. त्याने यांनाच पुढच्या स्टॉपवर उतरवून "काऊन विचारून राह्यला?" म्हणून उलटतपासणी घेतली. आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर मिळालं की सर असेच हात जोडून थांबत. ज्याला जमे तो चहा पाजी, न जमे तो पाठ फिरवी.

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. बांगलादेशच्या लढाईनंतर दोन-एक वर्षांत पेपरातली जाहिरात वाचून त्यांनी अर्ज टाकला आणि रशियन भाषा शिकायला दहा महिने रशियात निवड झाली. सगळ्या शाळेला धक्का बसला. सर्वांत मोठा सरांना. परत आल्यावर त्यांनी संध्याकाळी फुकट रशियनचा वर्ग काढला. पहिल्या दिवशी चौघं आले. दुसऱ्या दिवशी एकच आला, तोही छत्री विसरली होती म्हणून.

त्या दहा महिन्यांविषयी बोलायला लागले की सर पुस्तकी मराठी सोडून आपल्या वऱ्हाडीत उतरत.

"आठ देशाचे आठ जन, भाऊ. एक इंजिनेर, एक फौजी, एक नर्सबाई. सारे बाप्ये-बायका, लहान कोनीच नाई. अन् मास्तरीनबाई पेन्सिल दाखवून विचारे, हे काय हाय? मी चाळिशीचा मानूस! पोरं माया हातचा मार खाऊन मॅट्रिक झाले, अन् मले पेन्सिल सांगता येत नाई! पन एक गोष्ट मस्त होती. तिथं सारे सारखेच मुके. बाई म्हने, चुका, पन बोला."

'चुका, पन बोला' हे सरांचं ब्रीदवाक्य. वर्गातही तेच चाले. त्यामुळे त्यांच्या वर्गातली मुलं इन्स्पेक्टरसमोर बेधडक चुकीची उत्तरं देत.

सोबतच्या सातजणांना सर नावाने नव्हे, देशाने ओळखत. पानठेल्यावर उभे राहून सांगत, "आमच्या मंगोलियाले पोरगं झालं." ठेलेवाला चुना लावता लावता थांबे. वर्षातून एकदोनदा परदेशी तिकिटांची पत्रं यायची, आणि आठवडाभर सर ती बुशशर्टाच्या खिशात घेऊन फिरायचे. पुढे इथिओपियातल्या दुष्काळाचे फोटो पेपरात येऊ लागले, तेव्हा ते रोज सकाळी आमच्याकडचा पेपर मागून नेत आणि वाचून, घडी घालून परत ठेवत. "इथिओपियाचं पत्र नाई आलं," एवढंच एकदा म्हणाले. मी म्हटलं, येईल. मला तेव्हा त्या माणसाचं नावसुद्धा विचारावंसं वाटलं नाही.

सरांचा सर्वांत रंगणारा किस्सा मिरचीचा. तिथल्या मेसमध्ये सगळं उकडलेलं. तिसऱ्या दिवशी सरांना राहवेना. वाढणाऱ्या दोन बायकांसमोर जाऊन त्यांनी मिरचीची खूण केली. ती खूण ते आम्हाला करून दाखवत: तोंड आ करून जीभ बाहेर, हाताने जिभेला वारा, मग बाहीने डोळे पुसणे. बायका घाबरल्या. दोघींनी दंडाला धरून सरांना दवाखान्यात नेलं, दोन दिवस खाटेवर झोपवलं आणि नुसत्या पातळ पेजेवर ठेवलं. "मिरची मांगाले गेलतो, अन् मीठबी बंद झालं!" आम्ही हसून लोळायचो.

सरांना सगळीकडे न्यायची मात्र चोरी. माझ्या मेहुण्यासाठी वडनेरला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा परदेश पाहिलेला माणूस बरोबर असलेला बरा म्हणून त्यांना नेलं. मुलीला चालायला लावून झालं, स्वयंपाक येतो का विचारून झालं. तेवढ्यात सर हात जोडून म्हणाले, "तुम्हाला काय आवडतं?" मुलीला हे विचारायचं असतं? माझ्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलीने मान वर केली आणि म्हणाली, "सायकल." सासूबाई परतीच्या प्रवासात सरांशी बोलल्या नाहीत. मेहुणा मात्र हटून बसला की हीच मुलगी. आज ती सायकलवर शाळेत शिकवायला जाते, आणि सासूबाई अजून सरांशी बोलत नाहीत.

माझे वडील रोहण्याहून पहिल्यांदा आले तेव्हा सरांनी त्यांनाही गाठलं. बाबा म्हणजे गावातले पंच. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाक मारली तर दोन वावरं पलीकडचा गडी उभा राही. चार प्रश्न ऐकून ते गरजले, "काऊन बा, सोयरीक करतं का मायासंग?" आणि मला म्हणाले, "हा मास्तर येडा हाये, सुध्या. याच्यापासून दूर राह्यजो."

शेजाराला आठ वर्षं झाली आणि त्या उन्हाळ्यात बाबांना लकवा मारला. दवाखान्यातून आम्ही त्यांना घरी आणलं. उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती. तोंडातून फक्त 'आ' निघे. डॉक्टर म्हणाले, हात कदाचित थोडा हलेल, बोलण्याची आशा धरू नका. बाबांचा आवाज नाही आणि बाबा आहेत, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. मी ऑफिसात टेबलाशी बसून रडलो आहे.

घरी आल्यापासून बाबा डावा हात सारखा हलवत, चादरीवर आपटत आणि चिडत. आम्ही पाणी दिलं, पेज दिली, खिडकी उघडली, खिडकी लावली. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी डंभारे सर आले, खाटेजवळ बसून बाबांचा हात बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, तुमी यायले पेजेवर ठेवून राह्यले, अन् यायले मिरची पाह्यजे."

"मिरची?"

"मिरची नाई हो. दुसरं कायतरी."

मग ते घरातली एकेक वस्तू बोटाने दाखवत बाबांना विचारू लागले. हे? हे? तासभर. शेवटी दोरीवर वाळत घातलेल्या धोतराशी बोट आलं आणि बाबांनी हो म्हटल्यासारखे डोळे मिटले. बदलायला सोपा म्हणून आम्ही त्यांना माझा नाडीचा पायजमा घातला होता. आयुष्यभर धोतर नेसलेल्या माणसाला. चार दिवस तो माणूस ओरडून सांगत होता, आणि आम्ही त्याला पाणी पाजत होतो. मला त्या दिवशी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की सर पाच वाजता हजर. हातात पेन्सिल. "ही पेन्सिल आहे. ही पेन्सिल आहे का? हो, ही पेन्सिल आहे." बाबांनी डाव्या हाताने पेन्सिल भिरकावली. सरांनी उचलून आणली. पुन्हा भिरकावली, पुन्हा आणली. आठवडा असा गेला आणि माझं डोकं फिरलं. ज्यांच्या एका शब्दावर गावातली भांडणं मिटत, त्यांना हा मनुष्य पेन्सिल दाखवतो! मी सरांना फाटकाबाहेर नेऊन सुनावलं, "सर, पुरे झालं. माझ्या बाबांचा पोरखेळ करू नका."

सर खाली पाहत म्हणाले, "तिसऱ्या महिन्यात तार आली होती, भाऊ. माय गेली. घरी मी अन् माय, दोघंच. तिकडून येनं शक्य नव्हतं. मी वर्गात जाऊन बसलो. फळ्यावर घराचं चित्र होतं, बाप, माय, पोरगं. बाईनं मले विचारलं, तुमच्या घरी कोण कोण आहे? रोजचाच धडा. मले शंभर-दीडशे शब्द येत होते, त्यात हे सांगाचा एकबी नव्हता. मी उठलो, डस्टर घेतलं, अन् चित्रातली माय पुसली."

मी फाटकाची कडी उगाच लावली, काढली.

"त्या संध्याकाळी सातई जनं माया खाटीपाशी येऊन बसले. आपापल्या भाषेत बोलत होते. काय बोलले, आजपावतर मालूम नाई. इथिओपियानं मले हातानं भरवलं. बाबाजी आता तिथंच हायेत, भाऊ. मी फक्त बाजूले येऊन बसून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मीच फाटक उघडून उभा होतो.

उन्हाळा संपला, कापूस पेरून झाला, डवरणी झाली. पेन्सिल फेकणं कधीतरी थांबलं. पोळ्याच्या आसपास बाबा 'पे' म्हणाले आणि कुसुमच्या हातून पातेलं पडलं. त्यानंतर शब्द कधी येई, कधी चार दिवस रुसून बसे. सर म्हणत, "चुका, पन बोला, बाबाजी." धोतराला बाबा पेन्सिल म्हणाले तरी ते टाळी वाजवत. शेवटी दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी सर हात जोडून उभे राहिले आणि बाबांना ते चार प्रश्न विचारले. आम्ही दोघं दाराला धरून ऐकत होतो.

"ग... ण... पत," बाबा म्हणाले. नाव. मग बराच दम घेऊन "रोह... णा." घरी कोण कोण? डावा हात आमच्याकडे वळला. "सुध्या. सू... न." काय आवडतं? "धो... तर," असं म्हणून बाबा चक्क हसले.

डॉक्टरांनी सोडलेली आशा खाटेवर बसून हसत होती. धडा संपला. सर नेहमीसारखे हात जोडून, बाबांच्या ओठांकडे पाहत थांबले. कुसुम डोळे पुसत चहा ठेवायला वळली.

बाबांनी डावा हात उचलला आणि सरांच्या छातीकडे बोट केलं.

"तु... मच्या," बाबा म्हणाले. "घरी... कोन?"

कुसुम जागीच थांबली. मलाही एकदम लख्ख कळलं. रशियनच्या पहिल्या धड्यात एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, आणि मग दुसऱ्याने उलटून विचारायचं. आठ वर्षं हा माणूस त्यासाठी थांबत होता. आठ वर्षं आम्ही त्याला चहा पाजत होतो!

सरांचे हात तसेच जोडलेले राहिले. सगळ्या वर्ध्याला बोलतं करणारा माणूस गप्प झाला. बाबा वाट पाहत होते. त्यांना आता वाट पाहायची सवय होती.

"चु... का," बाबा म्हणाले. "पन... बोला."

"कोनी नाई, बाबाजी," सर म्हणाले.

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. धुऱ्यावरून हाक मारतानाचा जुना चेहरा मला दिसला. "सुध्या," ते म्हणाले, आणि मग असा शब्द जो सरांनी त्यांना शिकवला नव्हता. "ताट."

कुसुमने चहाचं राहू दिलं आणि आणखी एक ताट घेतलं. सरांना मी हाताला धरून पाटावर बसवलं. त्यांच्यासमोर बसलो आणि आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "सर, तुम्हाला काय आवडतं?"

त्यांनी तोंड आ केलं, जीभ बाहेर काढली, हाताने वारा घातला आणि बाहीने डोळे पुसले. डोळे पुसणं काही लवकर संपेना.

कुसुम उठली आणि ठेच्याची वाटी आणून त्यांच्या ताटाशी ठेवली.